नमुन्याचा कागद

"ताई, हा 'ठ' बघ! बघच नुसता!" त्याने थोरल्या बहिणीला दंडाला धरून भिंतीपुढे उभं केलं.

भिंतभर कागद डकवलेले. जाड, तिरकी, बिननखऱ्याची अक्षरं, एकेक वीतभर उंच. पाट्यांसाठी, जाहिरातींसाठी तो नवा टाइप घडवत होता आणि घरात दुसरा विषय म्हणून नव्हता. माणसाला वेड लागावं तरी किती! अक्षरं हा घडवायचा, नमुन्याचे शब्द बायको टाकायची, मनाला येतील ते. छापून भिंतीवर लावायची. मग हा तांबडी पेन्सिल घेऊन त्यांवर तुटून पडायचा.

"रस्त्यापलीकडून वाचता येईल असलं अक्षर आहे," तो म्हणाला. "या कागदावर तर फारच छान उतरलंय. 'ग'ची दांडी तेवढी लंगडतेय."

कागदावर तांबड्या खुणाच खुणा होत्या. खाली त्याचा शेरा: 'झकास! असेच आणखी दे.'

ताईने चष्मा चढवला. तिचा हात तोंडावर गेला.

"अरे, हे काय आहे?"

"नमुना."

"मेल्या, वाच की!"

त्याला हसू आलं. नमुना कुणी वाचतं का? वाचायला लागलं की अक्षराचं वळण दिसेनासं होतं, ही त्याच्या धंद्यातली पहिली शिकवण. तरी ताईच्या समाधानासाठी त्याने शब्दाला शब्द जोडला.

'छातीत गाठ लागतेय. गुरुवारी दवाखान्यात चल.'

तो मटकन स्टुलावर बसला. गुरुवार कधीच होऊन गेला होता. हाच कागद नाचवत त्याने बायकोला टाळी दिली होती!

तेवढ्यात दार उघडून बायको आत आली. भिंतीकडे वळलेल्या दोघांना पाहून ती जागीच थांबली.

"तू... तू मला बोलली का नाहीस?"

"बोलले की. जेवताना बोलले, झोपताना बोलले. तू हं हं केलंस." तिने चपला काढल्या. "म्हटलं, तुझ्या अक्षरात तरी दिसेल."

"अगं, मग मला फोन करायचास!" ताईला रडू फुटलं.

"याने यावं असं वाटत होतं, ताई. मग गेले एकटीच."

"काय म्हणाले डॉक्टर?" त्याने विचारलं.

तिने पर्समधून बंद पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. "रिपोर्ट आत्ताच मिळाला. उघडायची माझी छाती होईना."

त्याने पाकीट फाडलं. बारीक अक्षरं, ओळीला ओळ चिकटलेली. पहिलीतल्या पोरासारखं शब्दाखाली बोट ठेवून तो वाचू लागला. निम्म्यावर येऊन बोट थांबलं, ते पुढे सरकेना.

"काय लिहिलंय?" ताईने विचारलं.

त्याने बोट पुन्हा त्याच ओळीच्या सुरुवातीला नेलं.

"वाच ना रे," बायको म्हणाली. "मोठ्याने वाच."