दुसऱ्याच्या वावरातली माती

पुनानं पोतं पाठीवर घेतलं आणि अभिमनच्या वावरातून तो मांजरासारखा निसटला. दिवस उगवायचा होता. पोत्यात कापूस नव्हता, कांदा नव्हता. माती होती.

मातीची कोण चोरी करतं? पण पुनाचा जळफळाटच तसा होता. अभिमनचा कापूस छातीला लागतो, लागू दे बापडा. तेवढं त्यानं गिळलं असतं. त्याला खुपत होती अभिमनची आई, कुंदाबाई. ती आणि पुनाची आई कमलबाई एकाच वर्षी या पांझरेकाठच्या गावात सुना होऊन आल्या, जोडीनं निंदायला जायच्या. कुंदाबाई आजही अनवाणी वावरात जाते, गाणी म्हणते, कळण्याची भाकर दातानं तोडते. आणि कमलबाई तीन वर्षं खाटेवर. बोलणं नाही, भूक नाही, झोप नाही. धुळ्याचे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. काही म्हणता काही निघेना.

कुंदाबाई हसली की पुनाच्या पोटात दुखायचं. देवानं सगळं त्यालाच दिलं. माझ्याच आईला काय धाड भरली?

शेवटी धुळ्यातल्याच देवपूर भागातल्या एका डॉक्टरांनी विचारलं, "आधी दिवसभर काय करायच्या या?"

"वावरात राबायची."

"मग हात मातीत घालू द्या त्यांचे. परसात मेथी लावा."

मेथी लावायची कशात? पुनाच्या वावरात नुसता मुरूम. वरची सगळी काळी माती त्यानं एका वीटभट्टीवाल्याला विकली होती. त्यातून घराला स्लॅब पडला, फरशी बसली. घर होईपर्यंत मायलेक जळगावला बहिणीकडे राहिले. 'मातीचं काय लोणचं घालायचंय?' असं तेव्हा तो ऐटीत म्हणायचा. परत आल्यावर आईनं एकदा उघडं पडलेलं वावर पाहिलं आणि अंथरूण धरलं. पुनाला वाटलं, प्रवास बाधला.

त्यानं परसात पोतं रिकामं केलं. आईला धरून आणलं, बसवलं, तिचा हात मातीवर ठेवला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बोटं हलली. तिनं एक ढेकूळ फोडलं, नाकाशी नेलं आणि लेकाकडे नीट पाहिलं.

"आपला वावरनी माती शे हाई," ती म्हणाली. "कोठून आनी रे?"

किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला! पुना तिच्याशेजारी मातीतच बसला. पण खरं सांगायचं तर पुन्हा अभिमनचंच नाव घ्यावं लागणार होतं.

"नही माय. अभिमनना वावरनी शे."

"माले शिकाडस का?" कमलबाई खेकसली.

तेवढ्यात दारात सावली पडली. अभिमन उभा होता, मायलेकांचं बोलणं त्याच्या कानावर पडलं होतं. पोत्याला भोक होतं, मातीची रेघ वावरापासून थेट इथवर आली होती. पुना ताडकन उठला. चोरी पकडली गेल्याची लाज वाटायच्या आधी त्याचा जुना जाळ भडकला.

"लई जाय तुनी माती!" रिकामं पोतं त्याच्यापुढे फेकत तो ओरडला. "देवनी बठ्ठं तुलेच दिधं!"

अभिमननं चपला काढल्या, मातीशेजारी उकिडवा बसला.

"काकूनं नाक खोटं बोलस का?" तो म्हणाला. "भट्टीवालाकडून तू इकेल बठ्ठी माती मीच इकत लिधी, पुना. तुनीच शे ती."