सिओसायाचा चौकोन

"लाइन गेली बघा पुन्हा!" तेलेसिया ओरडली.

लॅपटॉपच्या पडद्यावर अकरा चौकोन होते. दहांत माणसं होती, ऑकलंडची, सिडनीची, पार अमेरिकेतलीसुद्धा. सगळी चर्चच्या कपड्यांत, मान खाली घालून बसलेली. अकरावा काळा, आणि तो नेमका तिच्या भावाचा. सकाळपासून ही चौथी खेप. ती कॉलमध्ये शिरली की सिओसायाचा चौकोन विझायचा.

उद्या पहाटे सिडनीच्या इस्पितळात सिओसायाची छाती उघडणार होते. वाचेल की नाही, डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते. म्हणून आज सगळ्या कुटुंबाची प्रार्थना ठेवलेली. ती थोरल्या बहिणीनेच सांगायची. इथे तोंगा बेटांवर भावाच्या घरावर थोरल्या बहिणीचाच शब्द चालतो. आणि एकोणीस वर्षांत न पाहिलेलं तोंड पाहिल्याशिवाय प्रार्थनेला सुरुवात करणार नाही, असं तेलेसियाने सगळ्यांना बजावलं होतं.

"आत्या, लाइन गेली हो," तिकडून भाची लुपे म्हणाली. ती बापाच्या खाटेशेजारी आपला मोबाइल घेऊन बसली होती.

"गेली तर आणू. कुठं जाते बघते मी!"

पहिल्या खेपेला तिने वायर उपटून, फुंकर मारून परत खोचली होती. दुसऱ्या खेपेला लॅपटॉप बंद करून चालू केला. तिसऱ्या खेपेला लाइन खातात म्हणून घरातल्या आणि शेजारच्या सगळ्यांचे मोबाइल गोळा करून बिस्किटांच्या डब्यात कोंबले, वर आपलं बायबल ठेवलं. आता राहिलं छपरावरचं इंटरनेटचं तबक. नारळाची एक झावळी त्याच्यावर लोंबत होती.

"सासूबाई, आज रविवार," सून कालो कुजबुजली. "शिडी लावलेली पाद्रीबाबांनी पाहिली तर?"

"तर सांग, म्हातारी देवाच्या जरा जवळ गेलीय."

रविवारी दोरीवर कपडे वाळत घातले म्हणून याच तेलेसियाने निम्म्या बेटाच्या बायकांची भर चर्चमध्ये खरडपट्टी काढलेली. आज तीच अडुसष्टाव्या वर्षी, कमरेला चर्चला जाताना नेसायची मानाची चटई गुंडाळलेली तशीच, दातांत कोयता धरून शिडी चढली. समोरच्या ओसरीवर चार माना वर झाल्या.

"बघून घ्या फुकटात!" ती वरून गरजली. झावळी खाली पडली.

खाली उतरली तेव्हा कोपर सोललं होतं. ते न पुसता ती पडद्यासमोर बसली. "जोड."

कालोने बटण दाबलं. अकराही चौकोन उजळले. डोळ्याचं पातं लवायच्या आत अकरावा विझला. पण तेवढ्यात तिने पाहिलं. रिकामी खाट, पांढरी उशी आणि इस्पितळाच्या झग्यातली वाकलेली पाठ. एका हातात सलाइनची दांडी धरलेली.

कालो वायरीकडे वळली. तेलेसियाने तिचं मनगट धरलं.

"लुपे, तुझी लाइन चालते आणि हातभरावर तुझ्या बापाची जाते होय? आणि निजायचा माणूस उभा का होता?"

लुपेने दाराकडे पाहिलं.

"तुला विचारतेय मी!"

"आत्या, लाइन कधी गेलीच नाही." लुपे म्हणाली. "तुम्ही आलात की बाबा उठतात, मला बटण बंद करायला लावतात आणि दांडी धरून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहतात. तुम्ही गेलात की येऊन पडतात. म्हणतात, ताई खोलीत आली, मी असा पाय पसरून कसा पडू? लाइन गेली म्हण, असं मला शपथ घालून सांगितलं."

यात समजावून सांगण्यासारखं होतं काय? सिओसाया बारा वर्षांचा झाला त्या दिवशी आपली उशी घेऊन अंगणापलीकडच्या खोपटात निजायला गेला. त्यानंतर बहीण दारात आली की तो दुसऱ्या दाराने बाहेर. बेटावरचे सगळे भाऊ हा मान पाळत. तेलेसियाने तो मान जन्मभर ताठ मानेने घेतला होता. यंत्राच्या पोटातही खोली असते, एवढंच तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

पाच खेपा. ती लाइन दुरुस्त करत होती आणि तो दुखरं काळीज घेऊन पाच खेपा खाटेवरून उठला होता.

"आत्या, तुम्हीच हुकूम करा," लुपे म्हणाली. "पडून राहा म्हणा. तुमचा शब्द नाही मोडायचे."

नसताच मोडला. बहिणीसमोर आडवा पडला असता, आणि ती लाज घेऊन उद्या भुलीखाली गेला असता. तेलेसियाने त्या काळ्या चौकोनाकडे एकदा डोळे भरून पाहिलं.

"नको. त्याला खाटेवर घे, पांघरूण घाल. त्याचा चौकोन काळाच राहू दे, नुसता आवाज उघड. म्हणावं, ताई भिंतीपलीकडे बसलीय, तिला काही दिसत नाही. कालो, माझंही तोंड झाक."

कालोने लॅपटॉपच्या डोळ्यावर रुमाल टाकला.

"आत्याबाई," ऑकलंडचा भाचा मध्येच म्हणाला, "काकांची लाइन अजून गेलेलीच दिसतेय. थांबायचं का?"

"लाइनीला काही झालेलं नाही. डोळे मीट."

आणि तिने प्रार्थना सांगितली. पुस्तक उघडलं नाही, पोटातून आली तशी सांगितली, खणखणीत, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशी. ती संपली. मग त्या काळ्या चौकोनातून "आमेन" आलं, संथ आणि जड. आवाज पाठ टेकून पडलेल्या माणसाचा होता.