वीज न लागणारी डबी

प्लेअर आणि अँप्लिफायरच्या मध्ये जोडायची ती डबी मेकॅनिकने स्वतः बनवली होती. पत्र्याची, वर एकच बटण. दुकानात जेवणाचा डबा घेऊन आलेल्या बायकोला तो कौतुकाने सांगत होता, "हिला वीज लागतच नाही. ही आवाज फक्त दाबते. वाढवणं हिच्या बापालाही जमायचं नाही!"

त्याने गाणं लावलं आणि बटण शून्यावर आणलं. गाणं विरलं. त्याच्याखाली कुणीतरी कुजबुजत होतं.

"अहो, नीट बंद करा ना," बायको म्हणाली.

"बंदच आहे गं."

बटण वर नेलं की गाणं ती कुजबूज गिळून टाकायचं. खाली आणलं की ती परत यायची, दर खेपेला जरा जवळून. शेवटी त्याने बटण पार वर नेलं. गाणं ठणाणा वाजू लागलं.

"राहू दे असंच," बायको कानांवर हात ठेवून हसली.

तेवढ्यात वीज गेली.

पंखा थांबला, गाणं थांबलं. डबी मात्र स्पष्ट बोलली, आणि बोलली ती थेट बायकोच्या आवाजात. शेजारी उभ्या बायकोचे ओठ मिटलेले होते.

"अहो, तुमच्याशेजारी ही कोण उभी आहे?"