यादीतलं नाव

जपानी अ‍ॅनिमे कार्टूनमधला बुजरा मुलगा वर्गातल्या नव्या मुलीला स्वतःचं नाव सांगायला जातो आणि त्याची दातखीळ बसते, असा तो विनोदी प्रसंग होता. त्याला मराठीत आवाज देणारा तरुण स्टुडिओत माइकसमोर “मी... म... मी...” करत असा काही अडखळला, की काचेपलीकडची मंडळी पोट धरून हसली.

“असं अडखळणं शिकवून येत नाही हो!” दिग्दर्शिकाबाई म्हणाल्या.

त्याला फार बरं वाटलं. शाळेपासून लोक त्याच्या बोलण्याला हसत आले होते. आज पहिल्यांदाच ते पडद्यावरच्या पोराला हसत होते.

काम आटोपून तो बाहेर आला, तशी बाईंनी वही पुढे ओढली. “शेवटी पडद्यावर येते ना, त्या नावांच्या यादीत टाकायचंय, पूर्ण नाव सांग बरं तुझं.”

घरून निघताना आईने बजावलं होतं, “नाव नीट सांग रे राजा, मी वाचायला बसणार आहे.”

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. त्याने तोंड उघडलं. “मी... म... मी...”

 

“अरे, पुरे आता, रेकॉर्डिंग संपलं!” म्हणत सगळे पुन्हा पोट धरून हसले, आणि मग तोही हसला.