फ्लूसमोरची रेघ

ताप आणि खोकला फ्लू आणि कोरोना दोन्हींत सारखेच, म्हणून तिने घरीच दोन्हींची तपासणी केली. पट्टीवर रेघ उमटली ती फ्लूसमोर. कोरोनासमोरची जागा कोरीच राहिली.

"काय आलं गं?" नवऱ्याने दाराबाहेरून विचारलं. "नुसता फ्लू असला तर सुटलो! उद्या-परवा उभी राहशील."

मागे त्याला कोरोना झाला, तेव्हा आठवडाभर बंद खोली, झोप आणि दारात ताट मिळालं होतं.

"कोरोना," तिच्या तोंडून निघून गेलं.

ती मेल्यासारखी झोपली. पण जाग आली की ओट्याशी गुडघे धरून कण्हणाऱ्या सासूबाई ऐकू यायच्या, आणि दाराखालच्या फटीतून लेकीची इवली बोटं आत यायची. "आई, गेला का गं तुझा कोरोना? मी हात धुतलेत."

संध्याकाळी सासूबाई ताट ठेवायला आल्या, तेव्हा तिला राहवेना. "आई, मला तुम्हाला एक सांगायचंय..."

"काही सांगू नकोस. ती पट्टी कचऱ्यात अगदी वरच पडली होती. मी खाली दाबून टाकलीय, त्याला दिसायची नाही."



सासूबाईंनी ताट आत सरकवलं आणि दार ओढून घेतलं. "झोप निवांत. आमच्या वेळी असा आजारच नव्हता गं."