सिलोनची सेवा

गळ्यात अकरावा हार पडला तेव्हा जागेश्वरने खिशातली तार चाचपून पाहिली. दुपारी पोस्टमनने ती हातात दिली होती आणि वाचूनही दाखवली होती. पुरामुळे यंदाचं शिबिर रद्द. येऊ नये.

गाडी नागपूरच्या फलाटाला लागली होती. त्याला निरोप द्यायला अर्धी वस्ती स्टेशनवर आली होती. सिलोनमधल्या एका विहाराच्या अनाथाश्रमात तीन महिने अंगमेहनतीची सेवा करायची. राहणं-जेवण त्यांचं, जाण्यायेण्याचा खर्च आपला. रामेश्वरपर्यंत रेल्वे आणि पुढे बोट. गिरणीतल्या बदली कामगाराला याहून स्वस्त परदेश मिळणार नव्हता.

तारेचं सांगायला त्याने दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा बँड वाजला. दुसऱ्यांदा गर्दीतल्या चंपतराव शिंप्याकडे नजर गेली.

चंपतरावही चार वर्षांपूर्वी असाच निघाला होता. पासपोर्ट आला नाही आणि जाणं राहिलं. अजूनही गिऱ्हाइकं विचारायची, "काय सिलोनवाले, सदरा जायच्या आधी देता का आल्यावर?" त्याची बायको तेव्हापासून वस्तीतल्या विहारात शेवटच्या ओळीत बसायची.

जागेश्वरची आई बायजाबाई आज सगळ्यांच्या पुढे उभी होती. नवं लुगडं नेसली होती.

त्याने तोंड मिटलं.

"मद्रासले गाडी बदल," खिडकीशी येऊन गोविंदा म्हणाला. गोविंदा पेंटर दोन वर्षांपूर्वी सिलोनला जाऊन आला होता. तेव्हापासून तो वस्तीतल्या विहाराचा सेक्रेटरी होता. त्याला विचारल्याशिवाय तिथली सतरंजीही हलत नसे.

"मंग पुढं कसं करू, दादा?"

"पुढचं तिथं गेल्यावर समजतेच."

गाडी हलली. बायजाबाई दिसेनाशी होईपर्यंत जागेश्वर हात हलवत राहिला.

वर्धा आलं आणि तो उतरला. हार बाकावर काढून ठेवले. घरी जाता येत नव्हतं आणि पुढे जाण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी तोंडाला दुपट्टा गुंडाळून त्याने आपलंच नागपूर चोरासारखं ओलांडलं आणि सावनेरजवळची कोळशाची खाण गाठली. तिथे ट्रक भरायला माणसं लागत होती. नाव विचारलं तेव्हा त्याने अनंत सांगितलं.

तीन महिने तो घरापासून दहा कोसांवर राहिला. बाजाराच्या दिवशी वस्तीतली भाजीवाली दिसली तेव्हा तो मिरच्यांच्या पोत्यांमागे बसून राहिला. एकदा ट्रकवाला म्हणाला, "चाल, इतवारीले जाऊन राहिलो. संध्याकाळी आणून सोडतो."

"नागपुरात कोणी नाही माझं."

"मंग बायको कर एखादी. तिथं लय भेटतात."

बाकीचे हसले. जागेश्वर टोपली उचलून चालू लागला.

वस्तीला काय सांगायचं ते त्याने ठरवलं होतं. वस्तीने काहीही ऐकून घेतलं असतं. भीती एकाच माणसाची होती. गोविंदाने सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. त्याने एक साधा प्रश्न विचारला की संपलं. मग चंपतराव परवडला. तो निदान खोटारडा तरी ठरला नव्हता.

तीन महिने भरले. परतीच्या ठरल्या दिवशी जागेश्वर पुन्हा वर्ध्याला गेला आणि मद्रासकडून येणाऱ्या गाडीत बसून नागपूरला उतरला. स्टेशनवर तोच बँड होता.

"अगा माय!" बायजाबाईने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "सिलोनले गेलता का कोळशाच्या वखारीत? रंग तं पाहा पोराचा!"

सगळे हसले. जागेश्वरही हसला.

रविवारी दुपारी विहारात सभा भरली. वंदना झाली. जागेश्वर उभा राहिला आणि बोलला. टोपल्या किती जड असायच्या ते सांगितलं. पायावर दगड पडून नख गेलं ते दाखवलं. बरोबरचा एक म्हातारा रोज आपल्या कांद्यातला अर्धा कांदा त्याला द्यायचा, ते सांगताना त्याचा आवाज भरून आला. यातलं काहीच खोटं नव्हतं. गाव तेवढं खोटं होतं.

पहिल्या ओळीत गोविंदा बसला होता. त्याने एकदाही मान हलवली नाही.

"कोणाले काही विचाराचं आहे काय?" कोणीतरी म्हणालं.

गोविंदा उठला.

"हात दाखव," तो म्हणाला.

जागेश्वरने हात पुढे केले. गोविंदाने एकेका घट्ट्यावरून अंगठा फिरवला. त्याला फार वेळ लागला. मग त्याने जागेश्वरचा हात वर धरला.

"पाहा! याले म्हणतात सेवा!"

टाळ्या वाजल्या. बायजाबाईने पदर डोळ्यांना लावला. गोविंदाने तिथेच जाहीर केलं, की पुढल्या वर्षी वस्तीतली दोन पोरं जातील आणि जागेश्वर त्यांना घेऊन जाईल. पुन्हा टाळ्या वाजल्या. लोक दाराशी इतके दाटले होते, की जागेश्वरला बाहेर पडायला जागा नव्हती.

माणसं पांगल्यावर तो निघाला.

"थांब जरा," गोविंदा म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं.

दुसऱ्याने बोलण्याआधी आपणच बोलावं, असं जागेश्वरला वाटलं. "दादा, मले एक सांगाचं होतं..."

"पहिले माझं ऐक," गोविंदा खाली पाहत म्हणाला. "ते पोरं जाऊन आले अन् त्यायनं मले काही विचारलं, तं मी अडकतो गा. मी मद्रासच्या स्टेशनातूनच परत फिरलो होतो. तू तं पाहून आला. समुद्र कसा दिसते, तेवढं सांग मले."