आखाजीचा निरोप

“काय म्हनस पोर? आखाजीले यी का?” ताईबाईने दारातूनच विचारलं.

सुकदेवने मोबाइल डोळ्यांजवळ धरला. “परीक्षा शे म्हने. जमस नही.”

भूमिका, त्यांची एकुलती एक लेक, दीड वर्षापूर्वी न्यूझीलंडला गेली होती. दुधाच्या धंद्याचं शिकायला. “म्हशी आठे कमी शेतस का?” म्हणून शेजारच्या कौतिकने तेव्हा भर चौकात खिल्ली उडवली होती.

आधी दर रविवारी फोनवर तिचं तोंड दिसायचं. आता नुसते मेसेज. ताईबाईला वाचता येत नव्हतं, सुकदेवच वाचून दाखवायचा.

“आवाज तरी ऐकाडा ना तिना.”

“आते वर्गमा व्हई ती.”

ताईबाई चुलीकडे वळली. तिला आशा फारशी नव्हतीच, पण विचारल्याशिवाय राहवत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर सुकदेव लेकीच्या व्हिसाच्या कागदांसाठी चार दिवस मुंबईला गेला होता. परतताना नाशिकला उतरून नवस फेडला म्हणाला, गुळगुळीत डोक्याने घरी आला. “पोरनं शिक्षण, नि बापना केस गयात!” कौतिकला तेवढंच निमित्त. सगळे हसले. सुकदेवही हसला.

“तिनी तठे लगीन तर नही करं ना?” ताईबाईने मध्ये एकदा विचारलं होतं. “सांगी टाका. माले राग नही.”

“नही वं,” एवढंच म्हणून तो गोठ्यात गेला. त्या दिवशी जेवला नाही.

अक्षय्य तृतीयेची आखाजी उजाडली. गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या होत्या, लिंबाला झोके बांधले होते, गाणी चालली होती. ताईबाईने दार लोटून घेतलं.

आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं, पूजा करायची, ही इकडची रीत. सुकदेवने आबांची, म्हणजे आपल्या वडिलांची घागर भरली, हात जोडले आणि उठायला लागला.

ताईबाईने चुलीमागून आणखी एक कोरी घागर आणली आणि आबांच्या घागरीशेजारी ठेवली.

“ही कोनी?”

“तुम्ही मुंबईथीन डोकं भादरीसन उनात, तव्हयच समजनं माले,” ती म्हणाली. “भरा. आपली भूमिकानी शे.”